एकशे चार बरोबरच्या खुणा

"अकरा?" सून म्हणाली. "अकरा कसं असेल, डॉक्टर? एकशे अकरा असेल. छापताना एखादा एक राहिला असेल."

"छापताना काही राहिलेलं नाही," मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ड जीवनसत्त्व निदान वीस तरी हवं. तीस असलं तर उत्तम. हिचं अकरा आहे. थेंब देता ना रोज?"

"रोज! एक दिवसाचा खाडा नाही. आमच्याकडे तक्ता आहे."

तक्ता आहे हे तिनं अशा काही ठसक्यात सांगितलं की शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानंही मान डोलावली. जिचं अकरा निघालं होतं ती साडेचार वर्षांची भिंगरी बापाच्या मांडीवर बसून पाय हलवत होती. शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर डॉक्टरचा शिक्का हवा, एवढ्यासाठी मंडळी आली होती. शिक्का राहिला बाजूलाच.

"तक्त्याचं रक्त तपासलेलं नाही मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलीचं तपासलंय. थेंब रोज पोटात जात असतील तर अकरा येणार नाही. घरी नीट बघा काय होतंय ते, आणि सोमवारी बाटली घेऊन या."

आता या तक्त्याविषयी सांगायला हवं. सून बस डेपोत वेळापत्रक सांभाळायची. तिच्या सहीशिवाय एकही बस फाटकाबाहेर पडत नसे, आणि तिच्या पाळीची पहिली बस, सात चाळीसची, अकरा वर्षांत एकदाही उशिरा सुटली नव्हती. चालक उशिरा आला की ती त्याच्यापुढे रजिस्टर सरकवायची. त्यात 'कारण' म्हणून एक रकाना होता. तिथं काय लिहायचं या धास्तीनंच चालक वेळेवर यायचे. झालेल्या कामापुढे बरोबरची खूण, न झालेल्यापुढे कारण. यावर डेपो चालतो, तर घर का चालू नये? म्हणून फ्रीजच्या दारावर तक्ता लागला होता. त्यात अकरा ओळी होत्या. आजोबांची रक्तदाबाची गोळी, आजोबांची कॅल्शियमची गोळी, चष्मेवाल्याचं पित्ताचं औषध, कुंड्यांना पाणी, माशाला खाणं असं करत करत सगळ्यात खाली, 'भिंगरीचे थेंब'.

चष्मेवाला म्हणजे सुनेचा नवरा. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. स्वतःचे डोळे मात्र सकाळी साडेआठच्या आत उघडायचा नाही, त्यामुळे सकाळी घरात काय घडतं ते त्यानं कधीच पाहिलेलं नव्हतं.

आजी होती तोवर तक्ता नव्हता. आजीच होती. सकाळी साडेसात वाजले की गॅलरीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या जायच्या, एकीत भिंगरी आणि एकीत आजोबा. आजी आतून बाटल्या घेऊन यायची. भिंगरीला म्हणायची, "आ कर." आजोबांना म्हणायची, "अहो, आ करा." मग दोघांनाही जीभ बाहेर काढून दाखवावी लागे. आजोबा म्हणायचे, "मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे." आजी म्हणायची, "जीभ ओलांडली नाही ना? दाखवा." बाळंतपणात सुनेला लोहाच्या गोळ्या तिनंच चारल्या होत्या आणि पोराच्या पित्ताचं औषध तीच उशाशी ठेवायची. घरातल्या सगळ्यांच्या तोंडात काही ना काही टाकल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

साडेतीन महिन्यांपूर्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून ती घसरली. एकच पायरी. लहान पोरं हसत उठतात तेवढ्यावरून. तिचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला होता, "हाडं फार ठिसूळ झाली होती हो. काही घेत नव्हत्या का त्या?" तेव्हा तिघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं आणि कोणालाच उत्तर देता आलं नव्हतं. पुढं छातीत कफ झाला आणि अकराव्या दिवशी आजी गेली. उत्तर द्यायचं तसंच राहिलं.

तेव्हापासून सून सकाळी सात दहाला निघायची. चष्मेवाला झोपलेला असायचा आणि उठला की दुकानात पळायचा. सात ते बारा घरात आजोबा आणि भिंगरी दोघंच. बाराला भिंगरी बालवाडीत गेली की आजोबा गॅलरीत बसून ती परत येण्याची वाट बघायचे. त्या पाच तासांवर म्हातारा तग धरून होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं. तरी सून अधूनमधून म्हणायची, "बाबा थकलेत. विसरायला लागलेत. भिंगरीला सकाळी पाळणाघरात घातलं तर?" पाळणाघराचा फॉर्म तिनं आणून फ्रीजवर ठेवलाही होता. आजोबा येता-जाता त्या फॉर्मकडे बघायचे.

आणि आता हे अकरा आलं.

"औषधातच खोट आहे," रिपोर्ट वाचून आजोबा उठून उभे राहिले. "तक्ता बरोबर, बाटल्या वेळेवर संपतायत आणि गुण नाही. म्हणजे माप मारतोय तो."

इथं सांगायला हवं की आजोबा निवृत्त वजनमाप निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले होते. ते रस्त्यानं निघाले की दुकानदार आपणहून काट्याखालचा चुंबक काढून खिशात टाकायचे, असं आजी सांगायची. मापात चूक म्हटल्यावर साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच म्हाताऱ्याच्या पाठीला कणा आला. त्यांनी कपाटातून मापाच्या खुणा असलेली काचेची नळी काढली, रुमालात गुंडाळली आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान गाठलं.

"एक बाटली द्या. भिंगरीचे थेंब."

"काका, दहा दिवसांपूर्वीच चष्मेवाले घेऊन गेले की."

"तुम्ही द्या." आजोबांनी बाटली घेतली, झाकण फोडलं आणि काउंटरवर नळी उभी करून सगळी बाटली तिच्यात ओतली. "पंधरा लिहिलंय. बघू."

"अहो काका, काय करताय!"

"मागे सरा. सावली पडतेय."

मागं रांग लागली. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एक बाई खोकायचं विसरून बघत राहिल्या. आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, एक डोळा मिटला, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"किती आहे?" बाईंनी विचारलं.

"पंधरा पूर्णांक दोन," आजोबा खालच्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे जास्तच आहे की!" औषधवाला म्हणाला. "मग वरचं परत करता का?"

रांगेत हशा पिकला. आजोबांनी सगळं पुन्हा बाटलीत ओतायचा प्रयत्न केला, पण निम्मं काउंटरवर सांडलं. औषधवाला भला माणूस होता. फडका घेऊन पुसता पुसता तो हळूच म्हणाला, "काका, रागवू नका. माप बरोबर आहे, औषध बरोबर आहे. आता बाटलीतून निघालेलं पोरीच्या तोंडापर्यंत पोचतंय का, तेवढं बघा."

रात्रीच्या जेवणाला आजोबांनी हे जसंच्या तसं सांगितलं. भिंगरी भात चिवडता चिवडता ताटावरच पेंगली होती, तिला उचलून झोपवलं होतं.

"थुंकत असेल," सून म्हणाली. "बाबा, तुम्ही देता तेव्हा ती गिळते का बघता ना?"

"मी देतो तेव्हा?" आजोबांचा घास थांबला. "मी कुठं देतो? तू देऊन जातेस ना?"

"मी? मी सात दहाला निघते! तेव्हा ती अर्धी झोपेत असते."

"मी बघतो तेव्हा खूण केलेली असते. म्हटलं, तू देऊन गेलीस."

"मी संध्याकाळी बघते तेव्हा खूण केलेली असते. म्हटलं, तुम्ही दिलंत."

दोघांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मला वाटलं, तुम्हा दोघांपैकी कोणीतरी. मी फक्त बाटल्या आणतो. संपली की भिंगरी सांगते, मी आणतो."

अख्ख्या घराला जीवनसत्त्वं पाठ होती, बरं का. सुनेला अ पासून के पर्यंत कुठलं कशात असतं ते तोंडपाठ. डब्यांवरची बारीक अक्षरं ती दुकानात उभी राहून वाचायची, तेही नवऱ्यानं फुकट दिलेल्या भारी चष्म्यातून. माहिती काही म्हणता काही कमी नव्हती. थेंब तेवढा तोंडात जायचा राहिला होता.

"मग खुणा कोणी केल्या?" सून म्हणाली.

तक्ता टेबलावर आला. आधीच्या महिन्यांचे कागदही आले. आजोबांनी जेवण सोडून भिंग आणलं. "ही माझी खूण नाही. माझी खूण ही बघ, गोळीपुढची. आखूड असते. या खुणेला शेपूट आहे."

"माझी लाल पेनची असते," सून म्हणाली. "आणि हा तर खूण करतच नाही कधी. बाबा, तुमचा हात हल्ली थरथरतो. थरथरला की शेपूट येतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. विसरायला होतं माणसाला. दिलं असं वाटतं, आणि खूण होऊन जाते."

आजोबांनी भिंग खाली ठेवलं. एकतीस वर्षांत न मोजता एकही शिक्का मारला नाही, हीच त्या माणसाची सगळी कमाई होती, आणि ती सून ताटावर बसून काढून घेत होती. तिलाही ते कळलं. पण पोरीच्या रक्तातलं अकरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"सोमवारपासून पाळणाघर," ती म्हणाली. "तुमच्यावर राग नाही, बाबा. पण माझं पोर आहे ते."

आजोबांनी मान हलवली आणि ताट घेऊन उठले. चष्मेवाला चष्मा पुसत बसला. त्याला बोलायचं असलं आणि काय बोलावं ते कळत नसलं की तो चष्मा पुसायचा.

रविवारी सुनेला उशिरा जाग आली. ती उठली तीच ठरवून, आज आपल्या हातानं थेंब द्यायचे. फ्रीज उघडायला गेली आणि तिचा हात दारावरच राहिला. शेवटच्या ओळीत, रविवारच्या चौकोनात, ताजी निळी खूण होती. शेपटासकट.

ती तरातरा गॅलरीत गेली. आजोबा खुर्चीत बसले होते, शेजारची खुर्ची रिकामी होती.

"बाबा, हे काय? काल एवढं झालं, तरी आज पुन्हा? मला दाखवायला केलीत का?"

"काय केलं?"

"खूण! न देताच खूण!"

"मी केलेली नाही."

"मग काय माशानं केली?"

"सूनबाई," आजोबा उभे राहिले. "मी रात्रभर मोजल्यात. आजची धरून एकशे चार होतात. एकशे चार खोट्या खुणा मी करीन असं वाटतं तुला? माझं बाकी सगळं गेलंय. एवढं तरी राहू दे."

"मग थेंब कोणी दिले नाहीत ते सांगा! तुम्ही दिले नाहीत, एवढं तरी कबूल करा!"

"आजोबा कशाला देतील?" दारातून आवाज आला.

भिंगरी उभी होती. एका हातात निळं पेन, दुसऱ्या हातात थेंबांची बाटली. आवाजांनी ती घाबरली होती, पण आजोबांवर आळ येतोय एवढं तिला कळलं होतं.

"आजोबा तर घेतात," ती म्हणाली.

"काय घेतात?"

"थेंब. मी देते. मग टिक करते. आज तुम्ही झोपला होता तेव्हाच दिले. आम्ही उशीर केला नाही."

चष्मेवाला बिछान्यातून उठून चष्म्याशिवायच आला होता. फ्रीजकडे बघायला त्याला अगदी जवळ जावं लागलं. शेवटची ओळ बरोबर भिंगरीच्या नाकासमोर येत होती. रोज लोकांना खालच्या ओळीतली अक्षरं वाचायला लावणारा माणूस, स्वतःच्या घरात खालची ओळ त्यानं कधी वाचली नव्हती.

"बाबा?" सून म्हणाली. "हे खरंय?"

"खरंय," आजोबा म्हणाले आणि खाली बसले. "म्हणजे... मला वाटलं, तू हिला देऊन जातेस. आणि नंतर ही खेळायला येते माझ्याकडे. पोरं नाही का खोटा खोटा चहा पाजत? तसं."

"खोटा खोटा? बाबा, ते खरं औषध होतं! एकशे चार दिवस! तुम्हाला चव नाही कळली?"

"संत्र्याची होती."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत? एकतीस वर्षं अख्ख्या बाजाराला विचारत फिरलात, आणि एवढ्याशा पोरीला, बाई गं तुझं झालं का, एवढं विचारता नाही आलं?"

"नाही विचारलं." आजोबा मान खाली घालून बोलत होते. "विचारलं असतं तर कदाचित ती थांबली असती. मला ते थांबायला नको होतं. काल रात्री संशय आला, तरी आज सकाळी पुन्हा आ केलाच. चुकलो मी. ही येते, इथं उभी राहते, आणि 'अहो, आ करा' म्हणते. अगदी तिच्यासारखं. मला दुसरं कोण म्हणतं आता तसं?"

सून त्या रिकाम्या खुर्चीत बसली. तिनं भिंगरीला जवळ ओढलं.

"आणि तू गं? तू का नाही घेतलेस? आवडत नाहीत का तुला?"

"खूप आवडतात. संत्र्याचे असतात."

"मग?"

"देणाऱ्यानं घ्यायचं नसतं."

"असं कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही." भिंगरीला आईच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "आजी देत होती ना सगळ्यांना? आजीनं घेतलं का कधी?"

दवाखान्यातला डॉक्टर बाहेर येऊन जे विचारून गेला होता, त्याचं उत्तर साडेतीन महिन्यांनी असं गॅलरीत येऊन उभं राहिलं होतं. हातात निळं पेन घेऊन. नाही, डॉक्टर, काहीच घेत नव्हत्या त्या. द्यायच्या फक्त. आणि आम्ही तिघंही जाणती माणसं आ करून बसायचो. आम्हाला कधी दिसलंच नाही. साडेचार वर्षांच्या पोरीला दिसलं, आणि तिला वाटलं की रीतच तशी असते.

आजोबा रडले. आजी गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते, आता हमसून हमसून रडले. त्यांच्याकडे बघून चष्मेवाला रडला, आणि त्याच्या हातात पुसायला चष्माही नव्हता. सून पदरात पोर घेऊन नुसती बसून राहिली.

भिंगरीनं एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग आईच्या कुशीतून सुटून तिनं बाटलीचं झाकण फिरवलं, पिचकारी भरली आणि आजोबांसमोर उभी राहिली. "अहो, रडू नका. आ करा."

"नको गं!" सून ओरडली. "त्यांचं आजचं झालंय!"

आणि रडता रडताच तिला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. आजोबाही हसले, मग पुन्हा रडले. थोडा वेळ त्या गॅलरीत कोण काय करतंय ते सांगणं कठीण होतं.

नंतर आजोबांनी तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात आले. "तू म्हणालीस ते बरोबर होतं," ते म्हणाले. "घाल तिला पाळणाघरात. माझ्याकडून माप चुकलं. दुसऱ्या कोणाचं चुकलं असतं तर मी सोडलं नसतं त्याला."

सुनेनं पाठ फिरवली. ओट्याशी तोंड करून ती कप विसळत राहिली, आणि तोच कप तिनं तीनदा विसळला.

सोमवारी सगळं घर डॉक्टरीणबाईंकडे गेलं. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, मध्येच एकदा चष्मा काढून डोळे टिपले, आणि मग चांगलं फैलावर घेतलं. "औषधाची बाटली मुलीच्या हाताला लागते कशी? आज थेंब होते म्हणून निभावलं. उद्या रक्तदाबाची गोळी असती तर? सगळं वरच्या फडताळात, कुलपात. द्यायचं मोठ्या माणसानं, आणि कोण ते ठरवून. मुलीला नवा डोस लिहून देते, भरून येईल तिचं. रोज थोडं उन्हात खेळू दे. आणि आता आलाच आहात तर तुमच्या तिघांचंही रक्त देऊन जा."

तीन दिवसांनी रिपोर्ट आले. आजोबांचं बेचाळीस. "असे आकडे मला विशीतल्या खेळाडूंचे दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजोबांना इतकी लाज वाटली की ते खुर्चीत अंग चोरून बसले. चष्मेवाल्याचं अठरा. एक कागद उरला होता.

"हे आठ कोणाचं?" सुनेनं विचारलं.

"तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाठ दुखते का? जिना चढताना पाय भरून येतात?"

"ते सगळ्यांनाच होतं."

"सगळ्यांना नाही होत. तुम्ही काय घेता?"

सून काहीच घेत नव्हती. तिला वेळ कुठं होता? सकाळी सहाला उठून ती सगळ्यांच्या गोळ्या डब्यांत भरायची, डबे नावांनिशी लावायची, आणि सात दहाला पळायची. चष्मेवाल्यानं बायकोकडे पाहिलं. यावेळी त्याला चष्म्यातून नीट दिसत होतं, आणि जे दिसलं त्यानं तो घाबरला.

घरी आल्यावर आजोबा बराच वेळ फ्रीजसमोर उभे होते. बोट ठेवून त्यांनी ओळी मोजल्या. अकरा. त्यात माशाची होती, कुंड्यांची होती. सुनेची नव्हती.

सुनेनं फ्रीजवरचा पाळणाघराचा फॉर्म काढला आणि त्यांच्या हातात दिला. आजोबांना वाटलं, सही हवी असेल. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"मागची बाजू कोरी आहे," ती म्हणाली. "तक्ता तुम्ही आखा, बाबा. भिंगरीचे थेंब रोज तुम्ही द्यायचे. मोजून."

आजोबांनी फॉर्म उलटा केला. पट्टी घेतली. रेघा मारताना त्यांचा हात थरथरत होता, तरी एकही रेघ वाकडी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला सून पिशवी खांद्याला लावून दाराशी आली, तर दारात आजोबा उभे. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळव्यावर गोळी. त्यांच्या पायाशी भिंगरी, झोपेतून उठून आलेली, हातात निळं पेन. आणि मागं चक्क चष्मेवाला उभा होता, सात दहाला, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"बाबा, आत्ता नको. संध्याकाळी घेते. बस चुकेल."

"बस तुझ्या सहीशिवाय सुटत नाही ना?"

"म्हणूनच तर!"

"मग थांबेल ती." आजोबा दारातून हलले नाहीत. "तुझी सासूही रोज संध्याकाळी घेते म्हणायची. आ कर."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि आ केला. साडेतीन महिन्यांत तिला असं कोणी सांगितलं नव्हतं. गोळी पाण्याबरोबर गेली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. चष्मेवाला पुढं होऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. कोणी तिला घाई केली नाही.

"जीभ दाखव," भिंगरी म्हणाली.

तिनं दाखवली. भिंगरी फ्रीजकडे पळाली आणि सगळ्यात खालच्या, नव्या बाराव्या ओळीत शेपटाची खूण करून आली.

त्या दिवशी सात चाळीसची बस सात चव्वेचाळीसला सुटली. चालक वेळेवर होता, वाहक वेळेवर होता. चालकानं गालातल्या गालात हसत रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं आणि 'कारण' लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवलं. सुनेनं लाल पेन उघडलं. काय लिहावं ते तिला सुचेना. मग त्या रकान्यात एक बरोबरची खूण केली.